लायनर, काजी आणि दादा

गेल्या महिन्यात कोल्हापूरला भाच्याकडे गेले होते. भाचा म्हणजे आमच्या दादाचा मुलगा. ब्रेकला लायनर बसवून द्यायचं त्याचं छोटंसं वर्कशॉप आहे, दादानेच सुरू केलेलं. चहा येईपर्यंत मी बाहेर स्टुलावर बसले होते. एका टेम्पोचं चाक उतरवलेलं होतं. भाच्याने कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि ड्रममधली काळी धूळ फुस्सकन उडवून दिली. मी एकदम शाळेतल्या आवाजात ओरडले. पोरगा दचकलाच. पोरगा कसला, पंचेचाळिशीचा बाप्या आहे!

"आत्या, आता त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नसतं गं. खोक्यावर लिहिलंय बघ."

होतंही लिहिलेलं. पण मी का ओरडले ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मी मराठीची बाई. विज्ञानाचे गुरुजी रजेवर असले की त्यांचा तास मला मिळायचा आणि त्यात 'घर्षण' हा धडा मी दोनदा तरी शिकवला असेन. हाताला हात चोळा, गरम लागतं की नाही? झालं घर्षण. त्याच्यापुढचं मला दादाने शिकवलं. गाडी थांबते म्हणजे तिचा वेग कुठे नाहीसा होत नाही, तो उष्णता होऊन ब्रेकमध्ये येतो. ड्रम बिडाचा, म्हणून शूवर बसवलेला लायनर त्याच्यापेक्षा मऊ ठेवतात. त्याने झिजायचं आणि ड्रमला वाचवायचं. पण फार भराभर झिजूनही चालत नाही, कडक होऊन गुळगुळीत झाला तर ब्रेक लागत नाही. म्हणून तो एका पदार्थाचा नसतोच. चिकटून राहायला बेकेलाइटच्या जातीचं रेझिन, बळकटीला तंतू, भर म्हणून खनिजांची पूड, आणखी काय काय. आमच्याकडे मसाल्याला जशी प्रत्येक घरची वेगळी कृती, तसंच. कंपन्या आपली कृती सांगत नाहीत म्हणे.

(ही लायनरची कल्पना इंग्लंडातल्या डर्बीशायरमधली. तिथल्या हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिलं की उतारावर घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावतात. त्यावरून त्याने 1897 मध्ये प्रयोग सुरू केले. नावातली अक्षरं उलटसुलट करून आणि बायकोच्या एलिझाबेथ नावाचा ई त्यात घालून 'फेरोडो' हे नाव केलं असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते.)

घाटात या कृतीची परीक्षा होते. कॉलेजात असताना सुट्टीला मी कोल्हापूरहून फोंडा घाटाने एसटीने घरी यायची. ड्रायव्हर म्हणायचे, ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. कुणी नवखा नुसत्या ब्रेकवर उतरवायला लागला की अर्ध्या घाटात करपल्याचा वास यायचा. रेझिन तापून जळायला लागलं की लायनरची पकडच कमी होते, ड्रायव्हर पाय दाबतो आणि गाडी हवी तशी धरत नाही. मग खाली एखाद्या वळणावर गाडी उभी करून ड्रम निवू द्यायचे. आम्ही पोरी तेवढ्यात करवंदं शोधायचो. भीती कळायचं वय नव्हतं.

आता काजीची गोष्ट. आमची आई वेंगुर्ल्याकडे काजीच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजीच्या टरफलात तेल असतं, काळं, जहाल. कातडीला लागलं की फोड येतात. आईच्या बोटांची कातडी सोलवटून निघायची, नखं काळीच. मी मदतीला गेले की आधी म्हणायची, "राख लाव हाताक, मगे बस." एकदा मी तिच्या कारखान्यातून आलेल्या फडक्याने तोंड पुसलं, तर आठ दिवस गाल सुजलेला होता.

ते तेल पुढे कुठे जातं हे मला दादाने सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. त्या तेलापासून रेझिन करतात, आणि ते कडक करून दळून त्याची तपकिरी पूड करतात. ती लायनरमध्ये घालतात. तिच्यामुळे ब्रेक किंचाळत नाही, पकड सारखी राहते, लायनर ठिसूळ होत नाही. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हातांवरच एसटी थांबता तर!" आणि खूप हसली. तिची नंतरची कित्येक वर्षं मुंबई-गोव्याच्या पाहुण्यांना तिने ही गोष्ट ऐकवली.

लायनरमधला तंतू मात्र तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसचा होता. जळत नाही, स्वस्त, चिवट. दादाने तीस वर्षं लायनरला भोकं पाडली, रिबिटा ठोकल्या आणि ड्रमच्या गोलाईला बसेल असे ते ग्राइंडरवर घासले. संध्याकाळी त्याच्या भुवया राखाडी असायच्या. वहिनी दारात उभी राहून त्याचा शर्ट झटकायची. पुढे मी वाचलं ते असं, की ब्रेक लागून पडणाऱ्या धुळीतला बराचसा तंतू उष्णतेने बदलून गेलेला असतो. जास्त धोका असतो तो नवा लायनर कापताना, घासताना. म्हणजे नेमकं दादाचं काम.

2009 मध्ये दादा गेला. शेवटची चार वर्षं जिना चढवत नव्हता. छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करायचे?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. दादा विड्याही ओढायचा, तेव्हा कशाने किती झालं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही ठरवायला बसत नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं तरी ठेवा. दादाच्या वर्कशॉपात एकच नोंद होती, उधारीची वही.

तर भाच्याला मी हे सगळं पुन्हा सांगितलं. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, लोखंडाची, तांब्याची, खनिजांची बारीक धूळ छातीत भरायची कशाला? त्याची बायको चहा घेऊन उभी होती, तिने माझी बाजू घेतली. (सुना शहाण्या असतात.) ड्रम आधी ओल्या फडक्याने पुसायचा, नळी मारायची नाही, ग्राइंडरपाशी नीट बसणारा मास्क आणि मागे धूळ ओढणारा पंखा, इतकं ठरलं. पंख्याचे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता.

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पंखा बसलाय. बादली आहे, फडकं आहे. मास्क हनुवटीवर आहे. उद्या सकाळी फोन करणार आहे.