कापशीच्या तलावावरचा हंस

हिवाळा आला की आमच्या विहारातील काही कुटुंबे एखादा रविवार काढून पोराबाळांसह बाहेर पडतात. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव जवळचे, म्हणून पुष्कळदा पाहून झालेले. यंदा जानेवारीत अकोल्याच्या एका नातेवाइकांचा निरोप आला, ‘‘कापशीच्या तलावावर हंस आला म्हणतात, पोरांना घेऊन या.’’ पहाटे बडनेऱ्याला गाडी धरली, मूर्तिजापूर मागे टाकून अकोल्याला उतरलो आणि पातूरच्या रस्त्याने कापशीला पोहोचलो. सोबत भाकर, बेसन, ठेचा आणि आमच्यातल्या गुरुजींची एक जुनी दुर्बीण.

पाणी पाखरांनी भरलेले होते. ‘‘थो पाहा हंस!’’ पोरे ओरडली. दुर्बिणीतून पाहिले तर अंग विटकरी-केशरी, डोके फिकट. तो चक्रवाक निघाला. त्याला ब्राह्मणी बदकही म्हणतात. माणसाने पाखरालाही जात चिकटवून ठेवली, असे म्हणून आम्ही हसलो. पोरांचा दुसरा हंस ठरला नकटा. पाठ काळी, पोट पांढरे, नराच्या चोचीवर मोठा उंचवटा. तिसरे होते हळदीकुंकू बदक. चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपके.

पोरे हिरमुसली. तेव्हा जाळे सुकवत बसलेले एक मासेमार मामा म्हणाले, ‘‘पान्यात कायले पाह्यता? काठच्या गवतात पाहा.’’

पलीकडच्या ओल्या काठावर पाच राखाडी पाखरे गाईसारखी गवत खात होती. बदकाहून मोठी, मान लांब. गुरुजींनी एकेक खूण मुलांकडूनच वदवून घेतली. डोके पांढरे. त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. मानेच्या बाजूने पांढरी रेघ. चोच पिवळी, टोकाला काळी. पाय नारिंगी. हाच पट्टकदंब हंस! चोच आणि पाय गुलाबी असते आणि पट्टे नसते, तर तो कलहंस ठरला असता. पाचातल्या एकाच्या डोक्यावर पट्टे नव्हते. पोरे म्हणाली, हा दुसरा. गुरुजी म्हणाले, ‘‘नाही, हे गेल्या उन्हाळ्यातले पिल्लू. आईबापासोबत आले आहे.’’

हे हंस लडाख, तिबेट, मंगोलियाकडच्या तलावांवर अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. शास्त्रज्ञांनी यंत्र बांधून मोजले, तेव्हा एक हंस ७,२९० मीटर उंचीवरून उडाला. तिथल्या विरळ हवेतूनही त्याचे रक्त प्राणवायू धरून ठेवते. दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस मात्र आम्हाला दिसला नाही, गवत खाणाराच दिसला.

जेवताना सहावीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘गुरुजी, पाखराची जात पट्ट्यावरून समजते, मंग मानसाची कायवरून? शाळेत मले एका पोरीनं इचारलं, तुमी कोन?’’

सगळे गप्प झाले. मग आमच्या विहारातल्या आजींनी वासेट्ठ सुत्ताची गोष्ट सांगितली. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण तथागतांकडे वाद घेऊन गेले की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. तथागत म्हणाले, गवत, झाडे, किडे, मासे, पाखरे यांच्या अंगावर आपापल्या जातीची वेगळी खूण असते. माणसाच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी खूण नाही. शेती करतो तो शेतकरी, चोरी करतो तो चोर. माणसाची ओळख त्याच्या कर्माची.

मुलीने दुर्बीण घेतली आणि आधी हंसाकडे, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. ‘‘तुमच्यात तं काहीच फरक दिसत नाही,’’ ती म्हणाली. आजींनी तिला जवळ घेतले.

वाचक बंधुभगिनींनो, पुढच्या हिवाळ्यात मुलांना अवश्य न्या. सकाळी, ऊन पाठीशी ठेवून पाहा. दगड मारू देऊ नका. १९७२ च्या कायद्याने या पाखरांची शिकार गुन्हा आहे. आणि कोणी हंस म्हटले म्हणून हंस मानू नका, मुलांना स्वतः खुणा पाहू द्या.