बिनपत्त्याचे दगड

१/ आजचा धागा एका पत्र्याच्या डब्याविषयी आहे. त्यात १४३ दगड आहेत. सर्वांत मोठा अंगठ्याएवढा, सर्वांत लहान नखाएवढा. येत्या सोमवारी तो डबा माझ्या घरातून कायमचा जाईल. त्यातले काही दगड प्रागैतिहासिक माणसाने घडवलेले आहेत, हे मी खात्रीने सांगू शकते. ते नेमके कुठले, हे मात्र सांगू शकत नाही, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे. दगडी हत्यारे ओळखावी कशी आणि नोंदवावी कशी, हे मला या चुकीनेच शिकवले. म्हणून ते त्याच क्रमाने सांगते.

२/ माझे आजोळ घोड नदीच्या खोऱ्यात. मामांच्या मळ्यामागे मुरमाड माळ होता. वळवाचा पाऊस पडून गेला की धुतलेल्या मुरमात रंगीत गारा चमकत: दुधी, मधाच्या रंगाच्या, लालसर, पट्ट्यापट्ट्यांच्या. मी ओच्यात भरून आणी. मामा बांधावरून हाक देत, "काय गं, परत गारा येचाया निघाली का?" त्या माळावरच्या, ओढ्याकाठच्या आणि पलीकडच्या गावाच्या शिवेवरच्या, अशा सगळ्या गारा मी एकाच डब्यात टाकल्या. हा डबाच माझा गुन्हा.

३/ आधी दगडाविषयी. युरोपातील अश्मयुगाचे वर्णन वाचताना ‘फ्लिंट’ हा शब्द पावलोपावली भेटतो. फ्लिंट खडूच्या खडकात गोळ्यांच्या रूपाने सापडते. महाराष्ट्रात तसा खडक नाही. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरला आणि त्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला. त्यातील वायूच्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचत गेली आणि कॅल्सेडनी, अकीक, जास्पर असे दगड तयार झाले. दख्खनच्या माणसाची फ्लिंट ती हीच. ठिणगी पाडायला आपल्या आजोबा-पणजोबांनी वापरलेली चकमकीची गार याच कुळातली.

४/ या दगडांचा गुण असा, की त्यांना ठरलेली चीर नसते. जाड काचेचा तुकडा फुटावा तसे ते फुटतात. फुटलेला भाग शिंपल्यासारखा वळणदार दिसतो. खनिजशास्त्रात याला शंखाभ भंग म्हणतात. फुटण्याची दिशा दगडाने आधीच ठरवलेली नसल्यामुळे ती घडवणाऱ्याला ठरवता येते. कुठे मारायचे, किती कोनात, किती जोराने, हे ज्याला कळले त्याला हवी तशी धार मिळाली. धातू माहीत नसलेल्या माणसाने लाखो वर्षे याच एका गुणावर संसार चालवला.

५/ हेतूने घातलेला घाव आपल्या खुणा मागे ठेवतो. छिलक्याच्या एका टोकाला लहानशी सपाट जागा असते. तिथे घाव बसलेला असतो. तिच्या लगेच खाली, आतल्या अंगाला, बोटाला जाणवेल असा फुगवटा असतो. त्याला आघातकंद म्हणतात. तिथून पुढे, विहिरीत खडा टाकल्यावर तरंग उठावेत तशा बारीक वलयरेषा पसरतात. पाठीकडच्या अंगावर आधी काढलेल्या छिलक्यांचे व्रण असतात. आणि मूळ दगडाच्या उरलेल्या गाभ्यावर त्या फुगवट्याला जुळणारा खळगा राहतो.

६/ पण यांतील एखादी खूण दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. नदीच्या पुरात दगड दगडावर आपटतो, तेव्हाही छिलका उडतो; फक्त त्याच्या साऱ्याच कडा झिजून गोल झालेल्या असतात. वणव्याने तापलेल्या दगडावर वाटोळे उथळ खळगे पडतात, त्यांत आघातकंद नसतो. नांगराच्या फाळाचे आणि बैलगाडीच्या धावेचे व्रण ताजे, चकचकीत असतात आणि कसेही पडलेले असतात. माणसाच्या कामात क्रम असतो: एकाच कडेवर, एकाच बाजूने, जवळजवळ सारख्या अंतराने काढलेल्या बारीक कपच्या. दगड तासणारा हात दिसतो तो त्या क्रमात.

७/ कॉलेजात असताना मी डबा घेऊन पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका सरांकडे गेले. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरले, एकेक दगड खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहिला आणि दोन ढीग केले. माझा सर्वांत लाडका दगड, ज्याला मी ‘भाल्याचे टोक’ म्हणून शाळेच्या प्रदर्शनात मांडला होता, तो पहिल्याच मिनिटाला निसर्गाच्या ढिगात गेला. ज्या ओबडधोबड तुकड्याने मी सुट्टीत कैऱ्या सोलत असे, तो दुसऱ्या ढिगात. शेवटी ८९ दगड निसर्गाचे आणि ५४ माणसाचे निघाले.

८/ त्या ५४ मध्ये सूक्ष्मास्त्रे होती. सेंटिमीटरभर रुंदीची सरळ पाती, दोन त्रिकोण आणि एक चंद्रकोर. चंद्रकोरीची सरळ कड अजूनही धारदार. वाकडी पाठ मात्र मुद्दाम कपच्या काढून बोथट केलेली. सरांनी कारण सांगितले: हे एकटे हत्यार नव्हेच. अशी अनेक पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकाने बसवून बाण किंवा विळा तयार होई. पाठ बोथट असली की खोबणीत घट्ट बसते आणि बांधणी कापत नाही. एक पाते मोडले तर तेवढेच बदलता येते. मी भारावून ऐकत होते.

९/ मग त्यांनी विचारले, "ही चंद्रकोर कुठली? माळावरची, ओढ्यातली की शिवेवरची?" मी गप्प बसले. "बरोबर खापरे होती का? काळ्या मातीत होती की मुरमात?" याचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यांनी चंद्रकोर अलगद खाली ठेवली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मग ही कोणाची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही."

१०/ असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. घोडकाठच्याच इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने मोठे उत्खनन केले. तिथले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी मातीच्या घरांत राहत, धान्य पिकवत, लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी वापरत. तांबे त्यांना ठाऊक होते, पण ते दुर्मिळ. रोजची कापाकापी कॅल्सेडनीच्या पात्यांनीच चाले. हा काळ साधारण तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. तशीच पाती आणि चंद्रकोरी त्याच्या कितीतरी आधीच्या, मध्याश्मयुगातील शिकारी माणसाच्याही असतात. चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे तर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या मण्यांबरोबर, पात्यांवर घडवलेली हत्यारे मिळाली. माझी चंद्रकोर शेतकऱ्याची की शिकाऱ्याची, हे चंद्रकोर सांगत नाही. शेजारचे खापर सांगते, खालची माती सांगते.

११/ नोंदीचे मोल किती, याचे जुने उदाहरण इंग्लंडमधले आहे. १७९७ मध्ये जॉन फ्रिअर यांनी सफोक परगण्यातील हॉक्सन येथल्या विटांच्या मातीच्या खाणीतून निघालेल्या फ्लिंटच्या हातकुऱ्हाडींविषयी लंडनच्या पुरातत्त्व मंडळाला पत्र लिहिले. ते १८०० मध्ये छापले गेले. फ्रिअरनी नुसती हत्यारे पाठवली नाहीत; थरही मोजले. वर दीड फूट माती, खाली साडेसात फूट चिकणमाती, मग एक फूट शिंपल्यांची वाळू आणि त्याखाली दोन फूट खडीचा थर, ज्यात ही हत्यारे होती. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली: ही कुतूहलाची वस्तू आहे हे कळण्यापूर्वी मजुरांनी टोपल्याच्या टोपल्या शेजारच्या रस्त्याच्या चाकोऱ्यांत ओतल्या होत्या.

१२/ पत्राकडे जवळपास साठ वर्षे कोणी लक्ष दिले नाही. १८५९ मध्ये जोसेफ प्रेस्टविच आणि जॉन इव्हान्स फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यातील तशीच हत्यारे पाहून परतले, तेव्हा हॉक्सनची आठवण निघाली. ते तिथे गेले आणि फ्रिअरनी दिलेल्या थरांवरून जागा पुन्हा तपासता आली. मानवाचे वय बायबलच्या कालगणनेत मावत नाही, हे मान्य होण्यात त्या जुन्या पानाचाही वाटा आहे. फ्रिअर तोवर हयात नव्हते. त्यांची नोंद मात्र कामाला आली.

१३/ आपल्याकडे हा मान रॉबर्ट ब्रूस फूट यांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील या अधिकाऱ्याला ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे खडीच्या खड्ड्यात क्वार्टझाइटची हातकुऱ्हाड मिळाली. भारतातील पुराश्मयुगाच्या अभ्यासाची ती सुरुवात. फूट यांनी पुढे आयुष्यभर दक्षिण आणि पश्चिम भारत पालथा घालून संग्रह केला. तो १९०४ मध्ये मद्रासच्या संग्रहालयाने घेतला, आणि त्याची स्थानवार सूची त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. वस्तूबरोबर ती सापडली ते स्थान टिकले, म्हणून आजही अभ्यासक ती सूची हाती घेऊन त्याच जागा शोधत जातात.

१४/ सरांच्या प्रश्नानंतर मी पहिल्या सुट्टीत आजोळी धावले. माळ नव्हता. त्या जागी सपाट केलेले रान, ठिबकच्या नळ्या आणि हातभर वाढलेला ऊस होता. मामांना विचारले तर ते म्हणाले, "अगं, मुरूम उचलला की सगळा. नव्या रस्त्याच्या भरावाला गेला." हॉक्सनच्या मजुरांची गोष्ट मी तेव्हा वाचलेली नव्हती. पुढे वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मामांना मी दोष देत नाही. त्या रस्त्याने गावाचे दूध वेळेवर पोहोचू लागले. त्या माळाची किंमत ज्या एका माणसाला कळू शकली असती, ती मी होते; आणि मी गारा वेचत होते.

१५/ माझा उतरलेला चेहरा पाहून मामाच म्हणाले, "म्हसोबाच्या भवतालचं कुणी हलवलं न्हाई." खरेच, शेंदूर फासलेल्या त्या दगडाभोवती दहा-बारा पावलांचा तुकडा जसाच्या तसा होता. देवाच्या भीतीने तिथे ना नांगर लागला होता, ना यंत्र. सरांना कळवले. ते दोन विद्यार्थ्यांसह आले आणि तिथे मी पहिल्यांदा काहीही खिशात न घालता दिवसभर दगड पाहिले.

१६/ दोरी लावून मीटर-मीटरचे चौकोन आखले. प्रत्येक दगडाशेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून आधी छायाचित्र घेतले. मग वहीत नोंद: गाव, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, चौकोन, माती कोणती, शेजारी काय. मग दगडाची लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये, दगडाचा प्रकार, कडा ताजी की झिजलेली. निवडक दगडांची रेखाटने सरांनी करायला लावली. उजेड डाव्या वरच्या बाजूने येतो असे मानायचे, पुढची, मागची आणि कडेची बाजू काढायची, आणि वलयरेषा अशा वळवायच्या की घाव कुठून आला ते वाचणाऱ्याला कळावे. छायाचित्रात दगड चकाकतो आणि व्रण हरवतात. रेखाटनात व्रण बोलतात. एका पात्याला मला पाऊण तास लागला. डब्यातले १४३ दगड मी एकूण त्याहून थोडा अधिक वेळच पाहिले असतील.

१७/ एकूण ३१ तुकडे नोंदवले. दुपारी एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले, की एकाच चौकोनातील दोन छिलके एकाच मधाळ रंगाचे आहेत. सरांनी ते उचलून कडेला कड लावली. ते जुळले. ज्या गाभ्यावरून ते उडाले होते, तोही हातभर अंतरावर होता. म्हणजे कोणीतरी इथेच बसून दगड फोडला होता. हवे ते पाते घेऊन गेला आणि टाकाऊ कपच्या तिथेच राहिल्या. हत्यार म्हणून त्या तिन्ही तुकड्यांना काडीचीही किंमत नाही. माझ्या डब्यात पडले असते तर मी ते फेकूनही दिले असते. पण जागेवर असल्यामुळे त्यांनी एका माणसाची एक बैठक सांगितली. मामा वाकून पाहत होते. म्हणाले, "म्हंजी आपल्या आधी बी हितं कुणी बसत व्हतं."

१८/ म्हणून वाचकांना विनंती. शेतात, ओढ्याकाठी असा दगड दिसला तर उचलण्याआधी थांबा. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या; एक जवळून आणि एक परिसराचे. गाव, शिवार, गट क्रमांक, तारीख लिहा. आसपास खापरे, हाडे, राख दिसते का, तेही लिहा. दगड तिथेच राहू द्या आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातील अभ्यासकांना कळवा. नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकू नका. माझ्यासारखे डबे घेऊन येणारे पुष्कळ असतात. मीही म्हसोबाच्या गावाचे नाव इथे लिहिलेले नाही.

१९/ सोमवारी डबा सरांच्या विभागाकडे जाईल. स्थान नसलेले दगड संशोधनाला निरुपयोगी असले तरी नव्या विद्यार्थ्यांना हाताळायला उपयोगी पडतात: निसर्गाचा कोणता, माणसाचा कोणता, फुगवटा कुठे, वलये कुठे. हातातून पडला तरी फार काही बिघडत नाही. डब्यात ठेवायची चिठ्ठी मी आज लिहिली. "एकूण १४३ नग. घोड नदीचे खोरे, तीन ठिकाणे एकत्र मिसळलेली. नेमके स्थान: नोंद नाही. खापरे: नोंद नाही. माती: नोंद नाही." खाली माझे नाव आणि तारीख घातली आहे.

धागा समाप्त.