बद्ध वायू आणि माझा प्रबंध
१७५४ साली जोसेफ ब्लॅक यांनी एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय पदवीसाठी लॅटिन प्रबंध सादर केला. मूतखडा विरघळवणारे सौम्य औषध शोधताना त्यांनी मॅग्नेशिया अल्बा ही पांढरी भुकटी तापवली; तिचे वजन घटले. निसटला होता तो तिच्यात बांधलेला वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड.

त्याच वायूवरील माझा प्रबंध नुकताच स्वीकारला गेला. माझ्यापाशी तराजू नव्हता, संगणक होता. १९८५ मध्ये योशिओ होरी आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या विद्युदग्रावर या वायूपासून मिथेन मिळवला. तांबेच का, हे मी इलेक्ट्रॉनांच्या गणितातून शोधत होतो. पृष्ठभागावरचे पाणी वगळल्यामुळे दोन वर्षांची आकडेमोड टाकून द्यावी लागली (मार्गदर्शकांनी शांतपणे फक्त चहा मागवला!). ब्लॅक यांनाही मूतखड्याचे औषध गवसले नव्हते, हे मी तेव्हाच वाचले. त्या रात्री पाण्याचे रेणू घालून गणित पुन्हा सुरू केले.