तिला कुठे आठवणार आहे?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला थीम पार्कला न्यावं की नेऊ नये, या एकाच विषयावर आमच्या घरात आठवडाभर अधिवेशन चाललं होतं. मुलगा सत्ताधारी, आमचे हे विरोधी पक्षनेते, सूनबाई तटस्थ. मी सभापती, म्हणजे सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी चहा टाकायचा!

विरोधी पक्षाचा मुद्दा एका वाक्याचा होता. "अरे, तिला कुठे आठवणार आहे?" पैसे, प्रवास, उन्हातान्हात हाल, आणि दहा वर्षांनी विचारलं तर कार्टी म्हणणार, मी कधी गेले होते तिथे? त्यापेक्षा पाच-सात वर्षांची होऊ दे, मग ने.

मुद्दा बिनतोड होता. पण मुलगा जे बोलला त्यावर हेही गप्प बसले. तो अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला. नात उठायच्या आत घर सोडतो आणि बहुतेक दिवस ती झोपल्यावर परत येतो. तो म्हणाला, "बाबा, तिला आठवावं म्हणून नाही. मला तिच्याबरोबर एक अख्खा दिवस पाहिजे." ठराव मंजूर झाला. :)

(नातीचं नाव इथे लिहीत नाही, सूनबाईची सक्त ताकीद आहे. वय तेवढं सांगते, वीस महिने.)

खरं तर लहान मुलाला गर्दीत, पाळण्यांत, गोंगाटात नेणं ही काही आजची फॅशन नाही. आपल्याकडे मूल वर्षाचं होतं न होतं तोच जावळ काढायला कुलदैवताला नेतात. आमच्या नाशकात नवरात्रात कालिकामातेची यात्रा भरते. माझ्या लहानपणी तिथले लाकडी पाळणे माणसं हाताने फिरवायची. मातीची खेळणी, पिपाण्या, फुगे, रेवड्या. तिथे तान्ही मुलंसुद्धा असायचीच, आईच्या कडेवर नाहीतर बापाच्या खांद्यावर. त्या पोराला हे आठवेल का, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. घर जत्रेला निघालं की घरातलं मूलही निघायचं, एवढाच हिशेब.

फरक पडला तो जत्रेला कुंपण आणि तिकीट आलं तेव्हा. जगात याची मोठी सुरुवात वॉल्ट डिस्ने यांच्या डिस्नेलँडने केली. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला उघडलं. त्याची कथा मजेशीर आहे. डिस्नेसाहेब आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या गोल पाळण्यात बसायला न्यायचे. मुली पाळण्यात, आणि हे बाकावर बसलेले. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं, सगळ्यांनाच एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी. म्हणजे या सगळ्या अवाढव्य कारभाराचा उगम एका कंटाळलेल्या बापाच्या बाकात आहे.

आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली अप्पूघर आलं, मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड. शाळेच्या सहली बोटीने तिकडे जायच्या. मीही दोनदा गेले आहे, पण माझा सगळा दिवस डोकी मोजण्यात जायचा. अप्पूघर २००८ साली बंद झालं, एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये. आता महाराष्ट्रात थीम पार्क म्हटलं की खोपोलीजवळचं इमॅजिका. मनमोहन शेट्टी यांनी २०१३ साली सुरू केलेलं हे पार्क २०२२ मध्ये आपल्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. (हे ऐकल्यावर विरोधी पक्ष थोडा मवाळ झाला. जवळच्या गावाचं नाव निघालं की आमच्या ह्यांचा विरोध निम्मा होतो.)

तर, यंदाच्या हिवाळ्यात निघालो. अंबड ते खोपोली म्हणजे साधारण दोनशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो. वाटेत जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. नातीला सगळ्या प्रवासात तो बोगदाच आवडला. दिवे मागे पळायला लागले की "गेला, गेला, गेला" असं ती प्रत्येक दिव्याला निरोप देत होती. आमणेच्या पुढची वाहतूक मात्र आपल्या ठरलेल्या गतीनेच चालली होती. म्हणून त्या दिवशी पार्कात न जाता खोपोलीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन गेलो.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की इथे माणसाचं वय कुणी विचारत नाही, उंची विचारतात. तिकीट उंचीवर आणि पाळणेही उंचीवर. पाळण्याच्या तोंडाशी उंचीची खूण असते. मूल तिच्या खाली राहिलं की बाहेर. आणि मोठ्या पाळण्यांपाशी आणखी एक पाटी असते: हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये. एका पाटीने नातीला बाद केलं, दुसरीने मला. जगातल्या सर्वांत अवघड परीक्षेत आम्ही आजी-नात एकत्र नापास झालो, आणि दोघी जाऊन बाकावर बसलो. तेव्हा मला ग्रिफिथ पार्कातला तो बाक आठवला. पण डिस्नेसाहेबांसारखा मला काही कंटाळा आला नाही.

कारण बाकावरून मी ती काय बघते ते बघत होते. समोर एका पाळण्यावर भलामोठा डायनासोर होता, राजासॉरस. या नावाचा प्राणी खरोखरच आपल्या देशात होऊन गेला. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्याचं बारसं झालं. साडेसहा कोटी वर्षांहून जुना प्राणी! जित्याची खोड, मी ही सगळी माहिती नातीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली बोट दाखवलं. "मुंगी."

पुढचा पाऊण तास आम्ही मुंगीच्या मागे होतो. मग झाडू मारणाऱ्या मावशींच्या मागे. मग एका नळाखालच्या डबक्यापाशी. मुलगा मधेमधे येऊन म्हणायचा, "आई, अगं, तिकडे चल, तिथे हत्ती आहेत, रंगीत दिवे आहेत." त्याला वाटत होतं की तिचा दिवस फुकट चालला आहे. पण तिच्या लेखी मुंगी, झाडू, डबकं आणि राजासॉरस यांचं तिकीट सारखंच होतं. वीस महिन्यांच्या माणसाला अख्खं जगच थीम पार्क असतं, त्याला कुंपण कुठून दिसणार?

घोड्यांचा गोल पाळणा मात्र तिला मनापासून आवडला. आई शेजारी धरून उभी होती. पहिल्या फेरीत ती गंभीर, दुसऱ्या फेरीत आम्ही दिसल्यावर हसली. त्यानंतर प्रत्येक फेरीत आम्ही दिसलो की हसायची. पाळण्याची गंमत घोड्यात नसून आपली माणसं दिसेनाशी होऊन पुन्हा दिसण्यात आहे, असं मला वाटलं. उद्या तिला शाळेत सोडू तेव्हाही हेच करायचं आहे.

दुपारी तिला पेंग आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. आमच्या आजीला ही संघटना माहीत नव्हती, पण दुपारी पाळणा हलवल्याशिवाय ती जेवायची नाही. मुलाने नातीला खांद्यावर घेतलं आणि ती तिथेच झोपली. सूनबाई म्हणाली, "आईंकडे द्या आणि तुम्ही जाऊन या." त्याला नायट्रोत बसायचं होतं. नायट्रो म्हणजे माणसाला पाच ठिकाणी उलटं करणारी ती प्रचंड पाळणागाडी. कितीतरी दिवस त्याच्या तोंडी तेच नाव होतं. तो म्हणाला, "नको, हलवलं तर उठेल."

आणि तो बसून राहिला. पावणेदोन तास. हात अवघडला तरी खांदा बदलला नाही. समोरून नायट्रोच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या आणि हा पठ्ठ्या हळूहळू तिच्या पाठीवर थोपटत होता. आमचे हे, विरोधी पक्षनेते, उठले आणि त्याच्यावर सावली येईल अशा बेताने छत्री धरून उभे राहिले. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. आमच्या घरात पुरुष असेच बोलतात.

ज्यांना लहान मूल घेऊन जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते. सकाळी उघडतानाच आत जावं आणि दुपारची झोप हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम धरावा, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवावं. बाबागाडी न्यावी, मूल नाही बसलं तर पिशव्या बसतात. मोठे आवाज आणि मुखवटे घातलेली माणसं लांबूनच दाखवावीत. मूल स्वतः पुढे गेलं तर जाऊ द्यावं, फोटोसाठी त्याला पुढे ढकलू नये. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, बाळाच्या खाण्याचं काय, हे आधीच फोन करून विचारावं. आणि मोठ्यांनी आळीपाळीने पाळण्यांत बसून घ्यावं. तेही माणूसच आहेत. आमची सूनबाई दोन पाळण्यांत बसून आली, तेव्हा तिचा चेहरा लग्नाआधीचा दिसत होता.

आता विरोधी पक्षाच्या मूळ मुद्द्याकडे येते. तिला आठवणार आहे का? मोठ्या माणसांना विचारलं तर बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांची निघते. त्याआधीचं सगळं कोरं. पण ते मुळात नोंदलंच जात नाही असं नाही. मार्च २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात येल विद्यापीठातल्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी चार महिने ते साधारण दोन वर्षं या वयाच्या २६ बाळांना चित्रं दाखवताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागाचं काम एखादं चित्र बघताना जास्त चाललं असेल, तर तेच चित्र पुन्हा समोर आल्यावर बाळ त्याच्याकडे जास्त वेळ बघायचं. वर्षापुढच्या बाळांत हे अधिक स्पष्ट दिसलं. म्हणजे वहीत लिहिलं जातं, पुढे ते पान सापडत नाही, असं असू शकेल.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात लोकांच्या पहिल्या आठवणीचं वय पाहिलं होतं. युरोपीय वंशाच्या लोकांची पहिली आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची निघाली आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांची पावणेतीन वर्षांच्या आतली. संशोधकांनी त्याचा संबंध माओरींच्या परंपरेशी जोडला. त्यांच्यात मागच्या गोष्टी, घराण्याच्या हकिकती मुलांना पुन्हा पुन्हा सांगण्याची रीत आहे. म्हणजे आठवण टिकते ती सांगितल्याने.

याचा दाखला माझ्याकडेही आहे. कालिकेच्या यात्रेत मी मातीचा पोपट चावला होता. मी तेव्हा दीड वर्षाची होते. मला त्या मातीची खारट चव अजून आठवते. ती आठवण खरोखर माझी आहे, की आईने शंभर वेळा सांगून माझ्या जिभेवर ठेवलेली आहे? आई जाऊन आता वीसेक वर्षं झाली, विचारायला कुणी नाही. पण चव आहे.

मी सत्तरी ओलांडली आहे. नातीला तिच्या मुलांना पाळण्यात बसवायची वेळ येईल तेव्हा मी असण्याचा प्रश्न नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, हिशेब आहे तो. पण सांगायचं काम मात्र आत्ताच करायला हवं. म्हणून रोज रात्री ती गोष्ट मागते तेव्हा चिमणी-कावळ्याच्या आधी मी ही गोष्ट सांगते. बोगद्यातले दिवे कसे गेला-गेला झाले. मुंगी कुठे निघाली होती. घोडा गोल फिरला आणि आजी पुन्हा दिसली. आणि बाबा पावणेदोन तास हलला नाही, आजोबांनी छत्री धरली. शेवटचा भाग तिला अजून कळत नाही. कळेल तेव्हा तो तिच्याजवळ असेल.

मंडळी, तुमची सगळ्यांत लहान वयाची आठवण कोणती? आणि ती तुमची स्वतःची आहे, की कुणी सांगितलेली? सांगणारं माणूस अजून घरात असेल तर आजच विचारून घ्या.