यलोस्टोनकाठच्या शिकारकथा

बिलिंग्जहून माइल्स सिटी सुमारे २३० किलोमीटर. महामार्ग बराचसा यलोस्टोन नदीच्या सोबतीनेच जातो. पूर्व मोंटानाचा हा मुलूख ऑक्टोबरात पिवळाकरडा दिसतो. वाळलेलं गवत, सेजब्रशची खुरटी झुडपं, हिरवं-सोनेरी काही असेल तर नदीकाठचे कॉटनवूड वृक्ष. तारेच्या कुंपणाआड काळी गुरं चरतात आणि त्यांच्याच जवळपास हरणासारख्या प्राँगहॉर्नचे कळप.

इथल्या एका रँचवर ओळखीतून माझी राहायची सोय झाली होती. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. रात्री जेवणाचं टेबल आवरलं की त्या बोलायला लागत. त्यांचे आजोबा सरकारी जमीन मिळते म्हणून इथे आले. १९०९ च्या होमस्टेड कायद्याने अशा कोरड्या भागात ३२० एकर मिळत. पण १९१७ पासून पाऊस रुसला आणि शेजारची घरं एकेक करून ओस पडली. ‘‘आम्ही टिकलो ते हरणांच्या जिवावर,’’ आजी म्हणाल्या. शिकार ही तेव्हा हौस नव्हती, हिवाळ्याची बेगमी होती.

मग त्यांनी मला तळघरात नेलं. फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. हरणाच्या मांसाचे तुकडे कच्चेच दाबून भरायचे, वर चमचाभर मीठ, पाण्याचा थेंब नाही, आणि मोठ्या बरण्या प्रेशर कॅनरमध्ये दीड तास ठेवायच्या. मांस स्वतःच्या रसातच शिजतं. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आजोबांच्या नेमबाजीच्या आहेत. थंडीत बोटं बधिर होईस्तोवर मांस कापणाऱ्या त्यांच्या आजीची गोष्ट मला एकट्या ह्या नातीकडूनच ऐकायला मिळाली. मला तीच जास्त मोलाची वाटते.

बायसन मात्र आजोबांच्या वाट्याला आलेच नाहीत. १८८१ मध्ये रेल्वे माइल्स सिटीला पोचली आणि कातड्यांचा धंदा फोफावला. शिकारी वाऱ्याची दिशा बघून लांबवर आडवा पडे, शार्प्स बंदुकीने आधी कळपाची म्होरकी मादी टिपे. बावरलेला कळप तिथेच घुटमळत राही आणि एकेक जनावर जागच्या जागी पडे. मागून गाडी घेऊन सोलणारे येत. कातडी जाई, कधी जिभाही जात, बाकीचं मांस रानातच कुजे. १८८३ पर्यंत उत्तरेकडचा कळप संपला होता. १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी विल्यम हॉर्नडे नमुने गोळा करायला ह्याच भागात आले, तेव्हा त्यांना उरलेली मोजकी जनावरं शोधत फिरावं लागलं. पुढे बायसन वाचवण्यासाठी झटणाऱ्यांत तेच आघाडीवर होते.

रिकाम्या झालेल्या कुरणांत गुरं आली, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्याने त्यांचेही सडे पाडले.

रँचवरून मी टेरी या छोट्या गावी गेलो, एव्हलिन कॅमेरॉनची छायाचित्रं पाहायला. ही इंग्रज बाई १८८९ मध्ये नवऱ्याबरोबर शिकारीला आली आणि ह्या मुलखात रमली. १८९४ पासून तिने काचेच्या प्लेटांवर शेजारीपाजारी, मेंढरं, पक्षी, पाळलेले लांडगे असं सगळं टिपलं. एका चित्रात ती घोड्याच्या पाठीवर ताठ उभी आहे. रँचवरच्या बाया काय काय करत, ह्याचा इतका भक्कम पुरावा दुसरीकडे मी पाहिलेला नाही.

आजींच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या सुरू होतात कुंपणं घातली गेल्यानंतर. ज्यांचं जगणंच बायसनवर उभं होतं त्या नॉर्दर्न शायेन लोकांसाठी १८८४ मध्ये राखीव प्रदेश आखला गेला. त्याचं मुख्य गाव लेम डिअर, माइल्स सिटीहून गाडीने दोनेक तासांवर. इकडे आलात तर रँचवरच्या गोष्टी ऐकून परत फिरू नका, लेम डिअरलाही जा.