ठेव आणि भोंगा

आमच्या दारात मोटार आली ती आमच्या ऐपतीने नव्हे, ठेव म्हणून. आमचे मामेभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, २००६ साली मुलाकडे परदेशी गेले. पुण्याच्या सोसायटीत गाडी नुसती उभी राहून सडेल या काळजीने ती त्यांनी श्रीपूरला आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून लावली आणि किल्ली हातात देताना एवढेच म्हणाले, "सांभाळ."

गाडी चारचौघींसारखी असती तर हा शब्द आम्ही इतका मनावर घेतला नसता. पण ती होती गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. दोघांनीच बसायचे, रेनोचे ११४९ सी. सी.चे इंजिन, फायबरची बॉडी आणि माथ्यावर कापडी टप, तोही हवा तेव्हा मागे दुमडून ठेवायचा. उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि बैलगाड्यांच्या गावात ही तांबडी, बुटकी वस्तू उतरली तेव्हा पहिला प्रश्न एका शेतकऱ्याने विचारला, "गुर्जी, पाऊस आला तर छत्री धरायची का वो?" दुसरा प्रश्न आमचा आम्हालाच पडला. ज्या घराला कापडाचे छप्पर, त्याच्या दाराला कुलूप लावून काय उपयोग?

आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे आम्हाला कोणत्याही संकटात आधी पुस्तक आठवते. या वेळी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आठवले. नावातच गाडी आहे. मातीची, पोराच्या खेळण्यातली. त्यातला शकट आणि आमच्या रस्त्यावरचा छकडा एकाच घराण्यातले. पण आठवला तो तिसरा अंक. वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेव म्हणून दिलेले दागिने रात्री मैत्रेयाच्या उशाशी आहेत आणि शर्विलक भिंतीला भोक पाडून आत येतो. विद्यार्थ्यांना हा अंक शिकवताना शर्विलकाचे कौतुक करण्यातच आमचे तास संपत. भिंत मापायला दोरी विसरलेला हा चोर गळ्यातल्या जानव्याने माप घेतो, हे सांगितले की वर्ग हसे आणि घंटा होई. ठेव सांभाळणारा त्या वेळी काय करीत होता, याकडे आमचे कधी नीट लक्ष गेले नाही.

आपले गेले तर हळहळ, दुसऱ्याचे गेले तर बट्टा. म्हणून आम्ही अकलूजला जाऊन गाडीला चोरघंटा बसवायचे ठरवले. दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने तासभर समजावून सांगितले आणि आम्ही, सवयीने, टिपणे काढली.

सर्वांत साधी व्यवस्था दाराच्या कळेची. दार उघडले की भोंगा वाजतो. परंतु टप कापून आत उतरणारा दार उघडीलच कशाला? दुसरी हादऱ्याची. गाडीला धक्का लागला की ती ओरडते. मात्र धारदार पात्याने कापड चिरले तर धक्का बसतोच असे नाही. तिसरी, आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या ध्वनीची. बंद गाडीच्या पोकळीत ती ध्वनिलहरी भरून ठेवते आणि आत कोणी हलले की सावध होते. पण तिला पोकळी बंदच हवी. टप उघडा असला किंवा वाऱ्याने फडफडला तर ती वाऱ्यालाच चोर समजते. चौथी सूक्ष्मलहरींची. या लहरी कापडातून सहज पार होतात आणि माणसाच्या अंगावरून परततात, म्हणून उघड्या गाड्यांना हीच योग्य, असे तो म्हणाला. शिवाय इंजिन अडवून धरणारा एक पाचवा प्रकारही होता. तो ठिणगीचा विद्युतमार्गच तोडतो. ओरडत नाही, फक्त गाडी सुरू होऊ देत नाही. ब्रिटनमध्ये १९९८पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे, हे आम्ही वाचलेले होते. पण त्याचा आवाज नाही म्हटल्यावर आम्हाला तो अपुरा वाटला. संकट आले तर बोंब झाली पाहिजे, अशी आमची समजूत.

आम्ही दुसरा, चौथा आणि पाचवा असे तिन्ही प्रकार घेतले, वर सहा सुरांत रडणारा भोंगा. परतताना, ठेव सांभाळण्याचे काम आता यंत्राकडे गेले, या विचाराने हलके वाटत होते.

श्रीपूरला भोंग्याचे नावीन्य नाही. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोवती हे गाव वाढले, आणि पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्यानेही त्याचा दिनक्रम साखरेशीच बांधून ठेवला. पाळीचा भोंगा झाला की कोणी डबा उचलतो, कोणी चूल विझवतो. तो कशासाठी वाजला, असे कोणी विचारत नाही. तो आणि ऐकणारे यांच्यात जुना करार आहे. आमच्या गाडीचा भोंगा असल्या कोणत्याही कराराशिवाय गावात आला.

गळीत हंगाम सुरू झाला आणि त्याने तोंड उघडले. रात्री दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याने निघाले की जमीन थरथरे आणि हादऱ्याची व्यवस्था जागी होई. सूक्ष्मलहरींची गोष्ट आणखी गमतीची. पत्र्याच्या बॉडीने त्या बऱ्याच अडल्या असत्या. फायबरला त्यांचे वावडे नाही. म्हणजे आमची गाडी स्वतःच्या कातडीतून बाहेर बघत होती. शेडजवळून कुत्रे गेले, बैल गेला, ऊसतोडीच्या टोळीतले एखादे मूल गेले, की तिला चोर दिसे. संवेदना कमी करणारा स्क्रू होता. पण तो फिरवायला घेतला की दादांचा शब्द आठवे आणि हात थांबे.

पहिल्या रात्री शेजारची पाच माणसे काठ्या घेऊन धावली. दुसऱ्या रात्री दोघे आले. आठवड्याने सकाळी कोणीतरी विचारी, "रात्री वाजत होती का हो?" पुढे तेही थांबले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आम्ही तिसरीत शिकलो. तिच्यातल्या पोरापेक्षा आमची गाडी प्रामाणिक होती, तिला खरोखरच लांडगा दिसत होता. गावाच्या दृष्टीने फरक काहीच नव्हता. आम्हीही रिमोट उशाशी घेऊन झोपू लागलो. भोंगा वाजला की डोळे न उघडता बटण दाबायचे. अंगठा ते काम करी, आम्हाला जाग येण्याची गरज उरली नव्हती.

२००८च्या संक्रांतीआधीची रात्र. थंडी कडाक्याची. भोंगा वाजला; अंगठ्याने बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्रासून आम्ही ती सगळी व्यवस्थाच बंद करून टाकली आणि कूस बदलली. नंतर, किती वेळाने ते सांगता येत नाही, फाटकावर धडाधड आवाज झाले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरचा चालक उभा होता. "उठा की वो," तो म्हणाला, "शेजारचे आजोबा पडल्यात."

शेजारचे काका न्हाणीघरात घसरून पडले होते. मुलगा पुण्याला, फोन बंद. आमचे फाटक आतून कुलूपबंद, आणि हंगामातल्या कारखान्याच्या घरघरीत काकूंचा सत्तरीतला आवाज आमच्या खिडकीपर्यंत पोचेना. मधल्या बुटक्या भिंतीशी उभे राहिले की शेडमधली गाडी मात्र हाताच्या टप्प्यात होती. काकूंनी काकांची काठी घेतली आणि गाडीला मारली. तीनदा. तिसऱ्यानंतर गाडी गप्प झाली तेव्हा त्या थंडीत अनवाणी रस्त्यावर गेल्या आणि त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. ज्यांच्या नावाने आम्ही दोन महिने बोटे मोडली होती, त्यांच्यातल्याच एकाने काकांना उचलून अकलूजच्या दवाखान्यात नेण्याची व्यवस्था केली.

काकांच्या खुब्याचे हाड मोडले होते. ते वाचले, त्यानंतर चार वर्षे जगले, पण काठीवाचून पुन्हा चालले नाहीत. ओल्या फरशीवर ते किती वेळ पडून होते, हे काकूंनी आम्हाला कधी सांगितले नाही. चार दिवसांनी भेटायला गेलो तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "तुमच्या गाडीला चरा नाही ना पडला? ती हाक मारते ना, म्हणून म्हटलं तिच्याकडूनच हाक मारावी."

त्या संध्याकाळी आम्ही तिसरा अंक पुन्हा काढला. शर्विलक दागिने शोधत नाही. त्याला ते दिले जातात. अर्धवट झोपेत बरळणारा मैत्रेय, समोर चारुदत्तच आहे असे समजून, शपथ घालून ती पेटी चोराच्या हाती देतो. इतकी वर्षे आम्ही तो प्रसंग विदूषकाचा विनोद म्हणून शिकवला होता. मैत्रेय बेफिकीर नाही. उशाशी ठेव असल्याच्या काळजीनेच त्याची झोप बिघडली आहे, आणि त्या काळजीतून सुटण्याची घाई झाल्यामुळेच तो ती देऊन मोकळा होतो. आमचा अंगठाही तेच करीत होता. आम्ही चारुदत्ताशी नाते सांगत होतो. नाटकात आमची जागा दुसरीच निघाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच दुकानात गेलो आणि भोंगा, सूक्ष्मलहरी, हादरा असे सर्व काढून टाकायला सांगितले. फक्त इंजिन अडवणारी व्यवस्था ठेवली. मुलगा चकित झाला. "मग चोर आला तर कळणार कसं?" आम्ही म्हणालो, कळणार नाही, आणि त्याला नेताही येणार नाही. टप फाडलाच तर शिवून घेऊ. अशी दुसरी गाडी आमच्या पाहण्यात तरी नव्हती. ती नेणारा लपवणार कुठे, हे गणित आधीच करता आले असते. दुसरेही एक गणित होते. समजा, ती यंत्रणा वीस मिलिअँपिअर वीज खाते. म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास, महिन्याला जवळजवळ पंधरा. उभ्या गाडीची छोटी बॅटरी या पहाऱ्यातच रिकामी होत होती.

तिथून पंढरपूरला जाऊन पितळेची घंटा आणली. आमच्या खिडकीशी टांगली आणि तिची दोरी भिंतीवरून काकूंच्या ओसरीत नेऊन बांधली. घंटेला वारा, बैल, ट्रॅक्टर यांतले काही समजत नाही. माणसाने दोरी ओढली तरच ती वाजते. सुरुवातीच्या रात्री ती वाजली नाही तरी आम्ही जागेच असू.

२०१३ साली दादा परतले आणि गाडी घेऊन गेले. टपावर एकही शिवण नव्हती, ते खूश झाले. त्या रात्रीची हकिकत आम्ही त्यांना सांगितली. ठेव म्हणजे फक्त गाडी नव्हती, हे मात्र सांगता आले नाही. शेड रिकामी झाली. तिच्यात आता सरपण असते.

दोरी दोनदा बदलावी लागली. काकू नव्वदीला टेकल्या आहेत. रोज दिवेलागणीला त्या तिला एक हलका हिसडा देऊन बघतात, आणि आम्ही हातातले काम ठेवून खिडकीतून ओ देतो.