उमेदवारी अर्जातला धर्म

माढा लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा येतात: करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण आणि माण. त्यांपैकी माळशिरस आणि फलटण अनुसूचित जातींसाठी राखीव. माढ्याला लागून असलेलं मोहोळ राखीव, सोलापूरची लोकसभाही राखीव. निवडणूक आणि जात पडताळणीची प्रकरणं हेच माझ्या वकिलीचं क्षेत्र. या पट्ट्यात दलित कार्यकर्त्याला आमदारकीपर्यंत पोचायचं तर राखीव जागेशिवाय गत्यंतर नसतं, हे मी रोज पाहतो. तो कार्यकर्ता ख्रिस्ती असेल, तर मात्र ती वाटही बंद.

ती बंद केली 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जात नाही. 1956 मध्ये त्यातून शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना सवलत मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेरच राहिले.

प्रोटेस्टंट नेता राजकारणात उतरला की त्याच्या श्रद्धेचं काय होतं, यावर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ लिहिलं जातं. तिथे प्रश्न असतो तो मतदान, युद्ध, कायदे यांवरच्या भूमिकेचा. आपल्याकडे तो त्याआधीच, अर्ज भरतानाच उभा राहतो.

असं नेहमी नव्हतं. 1930 च्या गोलमेज परिषदेत के. टी. पॉल आणि 1931 च्या परिषदेत एस. के. दत्त या प्रोटेस्टंट नेत्यांनी ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ नको, असं सांगितलं. तरी इंग्रजांनी ते दिलेच. ऑगस्ट 1947 मध्ये संविधान सभेने मद्रास आणि आपल्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळांत ख्रिस्ती समाजासाठी जागा राखून ठेवायचं मान्य केलं. पुढे मे 1949 मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव तिच्या सल्लागार समितीत आला. तो मांडणारे हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली प्रोटेस्टंट आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष होते. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर 1948 मध्ये, धर्माचा प्रचार करण्याचा हक्क मूलभूत अधिकारांत कायम झाला होता. सत्तेतला हक्काचा वाटा सोडला, श्रद्धा उघडपणे सांगण्याचा हक्क राखला. तडजोड होतीच; पण भर सभागृहात, नावानिशी केलेली. कुणाला ती पटली नसेल, तर तो उठून विरोधात बोलू शकत होता.

आजची तडजोड चारचौघांत बोलता येत नाही. जात पडताळणीची फाईल उघडली की एका बाजूला शाळा सोडल्याचा दाखला आणि गाव नमुना 14 चा उतारा, त्यावर आजोबांची जात. दुसऱ्या बाजूला, कुणी तक्रार केलीच तर, चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही. म्हणून माणसं विचारतात, “वकीलसाहेब, निवडणूक होईपर्यंत बाप्तिस्मा लांबवला तर चालेल का?” कुणी पोराचं लग्न मंगल कार्यालयात लावतो आणि पाळकसाहेबांना फक्त प्रार्थनेला बोलावतो. दर रविवारी उपासनेला येणारा माणूस प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहतो.

न्यायालयांनी हा गुंता वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला. भंडाऱ्याचे गंगाराम ठवरे महानुभाव पंथात गेले म्हणून त्यांचा अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ते महारच राहिले, असं ठरवलं. नागपूरच्या राखीव जागेवरून 1962 मध्ये निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म उघडपणे स्वीकारला होता; 1964 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. केरळातल्या देवीकुलमचे आमदार ए. राजा यांच्या प्रकरणात चर्चची कुटुंब नोंदवही आणि लग्नाचे फोटो न्यायालयापुढे आले. उच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्यांची निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तो निकाल फिरवून निवड कायम केली. त्याआधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने बजावलं होतं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं, ही संविधानाशी फसवणूक आहे.

त्या फसवणुकीचं समर्थन मी करत नाही. पण माणसाला त्या कडेलोटापर्यंत कोण नेतं, हेही विचारलंच पाहिजे. बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरचं घर गावात येत नाही. जात तीच, विहीर तीच, मजुरी तीच. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्येच तिसरा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. 2022 मध्ये बाळकृष्णन आयोग नेमून तोच प्रश्न पुन्हा तपासायला घेतला गेला. तो परिच्छेद जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर माझ्याकडे येणाऱ्याला मी एकच सल्ला देतो: प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहू नका. माढ्याची जागा खुली आहे, करमाळ्याची, सांगोल्याची, माणचीही आहे. तिथे उभे राहा. हरण्याची शक्यता मोठी, हे मला माहीत आहे. म्हणूनच चर्चच्या मंडळीची जबाबदारी वाढते. रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि सोमवारी प्रचाराला कुणीच जायचं नाही, हे चालणार नाही. आणि जो राखीव जागेच्या मोहात गप्प राहिला, त्याला मंडळीने वाळीत टाकू नये, त्याच्याशी बोलावं.

मुखर्जींनी जागा सोडल्या त्या ख्रिस्ती म्हणून, स्वतःच्या नावाने उभं राहून. माळशिरसच्या दलित ख्रिस्ती कार्यकर्त्याला जागा मागतानाही तेवढंच मोकळेपण मिळालं पाहिजे. सर्वधर्मसमभावाचं नाव घेणाऱ्या प्रजासत्ताकाकडून ही अवाजवी अपेक्षा नाही.